सड्यावरचा दवबिंदू आणि कलमावरचं बांडगूळ

गणपतीत तुम्ही राजापूरकडच्या घरी गेलात. मागच्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या कातळावर, लेकीला लालसर, चिकट, दव पडल्यासारखी झाडं दिसली, त्यांना मुंग्या आणि चिलटं चिकटलेली. शेजारी निळ्याजांभळ्या फुलांचा गालिचा. खाली बागेत आलात तर आंब्याच्या कलमांवर बांडगूळ आणि गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, पिवळ्या दोऱ्यांचं जाळं. त्यावरून तुम्ही चार गोष्टी विचारल्या आहेत. ही सगळी दुसऱ्याच्या जिवावर जगणारी एकाच जातकुळीची झाडं का? सड्यावरची ती लाल झाडं पुढे कलमांत शिरतील का, म्हणजे आत्ताच उपटून टाकावीत का? बांडगूळ दर वर्षी तोडूनही परत का येतं? आणि डासांसाठी त्यातलं एखादं रोप ठाण्याच्या बाल्कनीत लावता येईल का?

मी तीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं आणि घरची साठेक हापूसची कलमंही सांभाळतो, त्यामुळे ही दोन्ही मंडळी माझ्या रोजच्या ओळखीची आहेत. थोडक्यात सांगायचं तर सड्यावरच्यांना हात लावू नका, बांडगूळ तोडा पण नीट तोडा, आणि डासांसाठी मच्छरदाणीच बरी. आता सविस्तर.

लोक या सगळ्यांना सरसकट 'परोपजीवी' म्हणतात आणि घोळ तिथूनच सुरू होतो. समोरच्या झाडाकडे बघून एकच विचारायचं: याला कमी काय पडतंय? झाडाला पेज लागते आणि मीठ लागतं. पेज म्हणजे साखर, ती हिरवं पान उजेडात स्वतः शिजवतं. मीठ म्हणजे नत्र, स्फुरद, पालाश, जे मुळांनी जमिनीतून पाण्याबरोबर ओढायचं. सड्यावरच्या दवबिंदूकडे पेज आहे, मीठ नाही. म्हणून तो किडे धरतो. बांडगुळाकडेही पेज आहे, हिरवीगार पानं आहेत, पण जमिनीत मूळ नाही, म्हणून पाणी आणि मीठ ते कलमाच्या नळातून चोरतं. गडग्यावरच्या अमरवेलीकडे यातलं काहीच नाही. तिची पेजही उसनी आणि मीठही उसनं. तेव्हा कीटक खाणारं झाड परोपजीवी नसतं. ते स्वतःचं जेवण स्वतः करतं, फक्त मीठ मासळीतून घेतं.

आता सडा. आपला जांभा म्हणजे लाखो वर्षं पावसाने धुऊन धुऊन उरलेला दगड. ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर फ्रान्सिस बुकानन याने मलबारात अंगडिपुरमला हाच दगड चिऱ्यांसाठी कापताना पाहिला आणि १८०७ साली छापलेल्या प्रवासवर्णनात विटेच्या लॅटिन शब्दावरून त्याचं 'लॅटेराइट' असं नाव ठेवलं. आपल्याकडे वर्षाला ३००० मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो. जे विरघळण्यासारखं होतं ते कधीच समुद्राला गेलं, उरले लोखंडाचे आणि अ‍ॅल्युमिनियमचे ऑक्साइड. जांभ्याचा तांबडा रंग तो लोखंडाचा. हे ऑक्साइड स्फुरद असा काही आवळून धरतात की जमिनीत असूनही तो मुळांना मिळत नाही. नत्र तर नसल्यातच जमा. वर मातीचा थर कुठे बोटभर, कुठे तोही नाही. पाऊस आहे, आभाळ मोकळं आहे, डोक्यावर झाडाची सावली नाही, पण मीठ नाही. टॉमस गिव्हनिश हा अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली हिशेब मांडला होता की कीटक धरण्याचा उद्योग झाडाला परवडतो तो फक्त अशाच जागी, जिथे उजेड आणि ओल भरपूर पण जमीन दरिद्री. त्यांनी आपला सडा पाहिला नव्हता, पण वर्णन त्याचंच आहे. चिकट पानं बनवायला खर्च येतो. सावलीत पेजच कमी शिजते, तिथे हा खर्च अंगावर येतो. चांगल्या जमिनीत मुळांनीच मीठ मिळतं, मग सापळा कशाला हवा?

तुमच्या लेकीने पाहिलं ते बहुतेक गवती दवबिंदू. वीतभर उंच, गवतासारखी बारीक लांब पानं, उन्हात लाल होणारी, आणि फूल फिकं गुलाबी. सह्याद्रीत त्याची एक बहीणही आहे, जमिनीला चिकटून रुपयाएवढं चक्र करणारी, पांढऱ्या फुलांची, तिला नुसतंच दवबिंदू म्हणतात. पानावर उभे केस असतात आणि प्रत्येक केसाच्या टोकाला डिंकाचा थेंब. ते दव नव्हे. खरं दव ऊन चढलं की उडतं, हे थेंब भर दुपारीही चमकत असतात.

एका श्रावणात मी रत्नागिरीजवळच्या सड्यावर छत्री खांद्याला टेकवून, दहापटीचं भिंग डोळ्याला लावून एकाच पानापुढे बसलो होतो. सव्वाआठला एक चिलट येऊन बसलं. बसलं म्हणजे दोन पाय टेकले आणि ते दोन्ही अडकले. सुटायला म्हणून त्याने पंख मारला तर पंख चिकटला. धडपडीत ते आणखी चार केसांना लागलं आणि प्रत्येक थेंबातून दोरे निघाले, पाकाची गोळी पाहायला बोट लावलं की निघतात तसे. पाचसात मिनिटांत धडपड थांबली. कीटकाला नाकाने श्वास घ्यायचा नसतो, त्याच्या अंगावरच बारीक भोकं असतात, ती डिंकाने बुजली की तो गुदमरतो. मग बाजूचे केस हळूहळू त्याच्याकडे झुकायला लागले. हे डोळ्यांना दिसत नाही, घड्याळाच्या तासकाट्यासारखं असतं ते: नजर काढून परत बघावं तेव्हा जागा बदललेली. दुसऱ्या दिवशी गेलो तर पानाचा तो भाग आकड्यासारखा वळलेला. पाचव्या दिवशी पान पुन्हा सरळ झालं होतं आणि त्यावर चिलटाचं वाळलेलं टरफल. वाऱ्याने ते उडालंही.

मधल्या दिवसांत जे होतं ते आपल्या पोटात होतं त्याहून फार वेगळं नाही. ज्या ग्रंथी डिंक पाझरतात त्याच आम्ल आणि पाचकरस सोडतात, प्रथिनं तोडतात आणि तयार झालेला रस परत शोषूनही घेतात. चार्ल्स डार्विनने कीटकभक्षी वनस्पतींवरचं आपलं पुस्तक १८७५ साली छापलं, त्यातला मोठा भाग दवबिंदूनेच व्यापला आहे. त्याने पानांवर मांस, अंड्याचा पांढरा भाग, दूध असं नत्र असलेलं काय काय ठेवून पाहिलं, साखरेचं पाणी आणि डिंकाचं पाणीही ठेवून पाहिलं. नत्र असेल तिथे केस वळायचे, नसेल तिथे पान ढिम्म. झाड स्वतःला काय कमी आहे ते ओळखतं, ते असं. पण याने झाडाचा फायदा होतो का, अशी शंका लोकांनी काढलीच. मग त्याचा मुलगा फ्रान्सिस याने १८७८ साली काही रोपांना भाजलेल्या मांसाचे बारीक कण दिले, काहींना उपाशी ठेवलं. उपाशी रोपंही जगली, कारण पेज घरची होती. पण खाल्लेल्यांना बिया कितीतरी जास्त धरल्या.

हा बियांचा मुद्दा सड्यावर फार मोलाचा आहे. आपला गवती दवबिंदू एका पावसाचा पाहुणा. मिरगानंतर उगवतो, श्रावण-भाद्रपदात फुलतो आणि दिवाळीनंतर सडा तापायला लागला की वाळून जातो. मग पुढच्या पावसापर्यंत तव्यासारख्या तापलेल्या कातळाच्या फटीत उरतं ते फक्त धुळीसारखं बी. चार महिन्यांत उगवून, फुलून, बी धरून मोकळं व्हायचं आणि जमिनीत मीठ नाही. प्रत्येक चिलट म्हणजे आणखी काही बिया. आणि फुलं कुठे असतात ते तुम्ही पाहिलंत का? दांड्यावर, चिकट पानांपासून जरा लांब. जो परागकण घेऊन येईल त्यालाच गिळायचं नाही, एवढी अक्कल आहे त्याला.

निळा गालिचा सीतेच्या आसवांचा. या नावाखाली आपण पाचसहा तरी जाती एकत्र करतो, आणि खरं सांगायचं तर लांबून मलाही सगळ्या ओळखता येत नाहीत. हे झाड दवबिंदूपेक्षा खूपच विचित्र आहे. वरून नाजूक, निष्पाप, आणि सगळा उद्योग जमिनीखाली. याला मूळच नसतं. ओल्या वाळूत पांढुरके दोरे पसरलेले असतात आणि त्यांना खसखशीच्या दाण्याहून बारीक पिशव्या लटकलेल्या. वर्गासाठी मी पावसाळ्यात एकच रोप वाळूच्या ढेपेसकट पांढऱ्या बशीत घ्यायचो आणि पाणी घालून हळूच धुवायचो. पिशव्या दिसल्या की पोरं गप्प व्हायची.

पिशवी पाणी सतत बाहेर टाकत राहते, त्यामुळे तिच्या भिंती आत दबतात, गाल आत ओढल्यासारख्या. तोंडावर एक झडप, झडपेवर राठ केस. पाण्यातला एखादा सूक्ष्म जीव त्या केसाला लागला की झडप उघडते, गाल फुगतात आणि पाण्याबरोबर तो जीव आत खेचला जातो. या सगळ्याला एक मिलिसेकंदसुद्धा लागत नाही. पापणी लवायला याच्या शंभरपट तरी वेळ लागतो. फ्रेंच संशोधकांनी २०११ साली वेगवान कॅमेऱ्याने हे मोजलं, तर आत खेचलं जाणारं पाणी गुरुत्वाकर्षणाच्या ६०० पट त्वरणाने जात होतं. मग झडप बंद होते आणि अर्ध्या तासात पिशवी पुढच्या शिकारीला तयार. वनस्पतिसृष्टीत याहून चपळ सापळा नाही. लोक मात्र पोस्टरवरच्या व्हीनस फ्लायट्रॅपवर खूश असतात, त्याला मिटायला सेकंदाचा दहावा हिस्सा लागतो. या पिशव्यांच्या मानाने तो आरामातच.

याच गोत्रातल्या पिवळ्या फुलांच्या जाती आपल्या तळ्यांत आणि भातखाचरांत तरंगतात. त्यांच्या पिशव्या मोठ्या असतात, नुसत्या डोळ्यांनी दिसतात. पकडलेल्या जिवांनी भरल्या की काळपट पडतात.

तुमचा दुसरा प्रश्न यातच सुटतो. ही झाडं कलमांत शिरणार नाहीत. तुम्ही आळ्यात शेणखत घालता, सुफला टाकता, तिथे दवबिंदू लावून दाखवा, मीच तुम्हाला बक्षीस देईन. चांगल्या जमिनीत गवत त्याच्या डोक्यावरून जातं आणि तो सावलीत मरतो. दरिद्री जमीन हीच त्याची संपत्ती. म्हणूनच कुणी सडा 'सुधारून' देतो म्हणून आला की माझ्या पोटात गोळा येतो. सुरुंग लावून खड्डे काढायचे, डंपरने माती आणून पसरायची, काजू लावायचा. काजूला माझा विरोध नाही, माझ्याकडेही आहे. पण खालच्या विहिरींना पाणी याच सड्यातून झिरपून येतं, हे कुणी बघत नाही. शिवाय रत्नागिरी-राजापूरच्या याच सड्यांवर कातळशिल्पं आहेत, २०२२ पासून ती युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. एकदा मातीखाली गेली की कुणाला कळणारही नाही. तेव्हा तुमच्या मागचा सडा पडीक म्हणून मोजू नका, एवढंच.

आता बांडगूळ, ज्याने तुमचं खरं नुकसान होतंय.

आधी ओळख. आपल्याकडे झाडावर उगवलेल्या कशालाही बांडगूळ म्हणायची खोड आहे. आमरी, म्हणजे ऑर्किड, सीतेची वेणी वगैरे, ही बांडगुळं नव्हेत. ती फक्त फांदीवर बसतात, साल धरून असतात, आत शिरत नाहीत. पावसाचं आणि धुक्याचं पाणी पितात. गेल्या वर्षी एका ओळखीच्या गृहस्थांनी 'बाग साफ केली' म्हणून अभिमानाने दाखवली, तर खाली पडलेला निम्मा ढीग आमरींचा होता. तेव्हा आधी पान चुरगळून वास घ्या. आंब्याच्या पानाला कैरीचा, चिकाचा वास येतो. बांडगुळाच्या पानाला तो नसतो, ते जाड असतं आणि करडं-हिरवं दिसतं. मग ते फांदीला जिथे जोडलं आहे तिथे बघा. तिथे गाठ असते, लाकूड सुजल्यासारखी. गाठीच्या पुढची कलमाची फांदी बारीक, पानं पिवळी, कधी वाळलेली. आमरीच्या खाली गाठ नसते.

ते येतं कसं ते कळलं की तोडायचं कसं तेही कळतं. याच्या फुलाची नळी नारिंगी. पिकल्या कळीला फुलटोच्याने चोच लावली की ती फटकन उघडते आणि पराग त्याच्या तोंडावर उडतात. फुलटोच्या म्हणजे अंगठ्याएवढा, मातकट रंगाचा पक्षी, सतत चिक् चिक् करत फिरणारा. फुलंही त्याचीच आणि फळंही त्याचीच. फळाच्या बीभोवती असा डिंक असतो की पोटातून बाहेर पडल्यावरही तो सुटत नाही. शेण पडावं तसं ते खाली पडत नाही, पक्ष्याच्या बुडाशी लोंबतं. मग तो फांदीवर बूड घासतो आणि बी तिथेच चिकटतं. याहून चांगली पेरणी कुठल्या यंत्राने होणार?

बी रुजायला जमीन लागत नाही. विजेच्या तारेवरसुद्धा कोंब फुटलेला मी पाहिला आहे, तिथे तो अर्थातच मेला. फांदीवर मात्र कोंब उजेडापासून तोंड फिरवून सालीकडे वळतो, सालीवर बिल्ल्यासारखा चपटा होतो आणि त्याच्या मधून शोषकमूळ सालीत घुसतं. साल, गाभ्याच्या आधीचा जिवंत थर, मग लाकूड. लाकडातल्या पाणी वाहणाऱ्या नळ्यांना आपल्या नळ्या जोडून घेतं. हे काम चोरून नळ जोडणाऱ्या प्लंबरचंच, फक्त इथे मीटर नाही. आणि पाणी आपल्याकडे ओढायची युक्ती साधी आहे. उन्हाळ्यात पाणी कमी पडलं की कलम आपल्या पानांची रंध्रं मिटून घेतं. बांडगूळ मिटत नाही, त्याच्या पानांतून वाफ जातच राहते, त्यामुळे ओढ त्याच्या बाजूला राहते. मार्च-एप्रिलमध्ये फळ पोसायचं त्या दिवसांत पुढची फांदी तहानलेली. पुढची फांदी का वाळते, त्याचं हे उत्तर.

माझी स्वतःची चूक सांगतो. नोकरी लागल्यानंतरच्या पहिल्या वर्षी मी उत्साहाने कोयती घेऊन चढलो आणि दिसेल ते बांडगूळ सालीला घासून साफ केलं. वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक, हाताखाली कशाला कोण पाहिजे! खाली आमच्याकडचा जुना गडी उभा होता. तो म्हणाला, "मास्तरांनू, ह्याचा मूळ भायर नाय, भितूर आसा. वयरसून कापलात तर परत फुटतला." मी हसलो. पुढच्या वर्षी एका जागी पाच धुमारे होते. आपल्याकडचं बांडगूळ सालीवरून मुळ्यांसारखे फाटेही पसरतं आणि मध्येमध्ये नवी शोषकमुळं घुसवतं. वरचा झुपका काढला की आतला तुकडा फुटतो. तुमचंही हेच होतंय.

तेव्हा बारीक फांदी असेल तर बांडगूळ तोडायचं नाही, फांदीच तोडायची, गाठीच्या खाली, बुंध्याच्या बाजूला हातभर सोडून. जीवावर येतं, पण ती फांदी तशीही तुमची राहिलेली नाही. तोडलेल्या जागी बोर्डो पेस्ट लावा: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. मोरचूद आणि चुना वेगवेगळे भिजवून मग एकत्र करायचे, लोखंडी बादलीत नाही. जाड फांदी असेल, जी तोडणं परवडत नाही, तर पटाशीने गाठ खरवडून निरोगी लाकूड लागेपर्यंत काढा आणि पेस्ट लावा. फाटे सालीवर कुठवर गेलेत ते बोटाने चाचपून बघा. अगदी बुंध्यावर असेल तर दर वर्षी त्याची पानं ओरबाडत राहा. पानं नाहीत तर पाण्याची ओढ नाही, फळ नाही तर पेरणी नाही. हळू काम आहे, पण कलम वाचतं. रॉकेल, डिझेल, तणनाशकाची इंजेक्शनं, असले प्रयोग करू नका. नळ एकच आहे, त्यातून औषध कुणाकडे जाईल ते तुमच्या हातात नाही.

वेळ मात्र चुकवू नका. बरेच बागायतदार आंबा उतरवल्यावर, मेअखेरीस छाटणी करतात आणि त्यातच बांडगूळही. तोवर फळं पिकून पक्ष्यांनी पेरणी आटपलेली असते. मी नवरात्रापासून दिवाळीपर्यंत उरकतो, फुलायच्या आधी आणि मोहोराच्याही आधी. पाऊस ओसरलेला असतो, फांद्या निसरड्या नसतात. तरीही गडी कमरेला दोर बांधूनच चढवा.

आणि एक कडू गोष्ट. बांडगूळ सर्वांत जास्त असतं ते चाकरमान्यांच्या बागांत. वर्षातून दोनदा येणार, आंबा करारावर दिलेला, करारवाला पेटी मोजतो, फांदी कशाला बघेल? तुमच्या बाजूची बाग तशी असेल तर तुमच्याकडे दर वर्षी नवं बी येणारच. शेजाऱ्याला सांगून दोघांनी एकाच आठवड्यात तोडा.

पण सगळ्या गावातलं बांडगूळ संपवायच्या भानगडीत पडू नका. रानातल्या झाडांवर चार असू देत. हळदीकुंकू नावाचं फुलपाखरू, पंखांच्या खालच्या बाजूला पिवळं आणि कडेला लाल ठिपके, त्याच्या अळ्या बांडगुळाच्याच पानांवर वाढतात. सूर्यपक्षी त्याच्या फुलांवर येतात. आणि बांडगुळावरही वाढणारं एक बांडगूळ आहे, एवढं पाहिलं की त्याच्याबद्दलचा राग थोडा कमी होतो.

गडग्यावरचे पिवळे दोरे म्हणजे अमरवेल, पण खात्री करून घ्या, कारण किनाऱ्याला या नावाच्या दोन वेली आहेत. खरी अमरवेल मऊ, पिवळीधमक, शेवयांसारखी. दुसरी चिवट, तारेसारखी, हिरवट छटेची, वाळूच्या पुळणीवरच्या झुडपांवर जास्त. ही दुसरी चक्क दालचिनी आणि तमालपत्राच्या कुळातली, आणि पहिली गारवेलीच्या. नात्याने काही संबंध नाही, धंदा मात्र एकच.

खऱ्या अमरवेलीचं बी जमिनीत रुजतं, पण शिदोरी आठवडा-दहा दिवसांचीच. तेवढ्यात आधार मिळाला नाही की खेळ संपला. म्हणून तिला वास घेता येतो. अमेरिकेत पेन स्टेट विद्यापीठात २००६ साली दाखवलं गेलं की अमरवेलीच्या तिथल्या जातीचा कोंब टोमॅटोच्या वासाकडे झुकतो, गहू आणि टोमॅटो दोन्ही असतील तर टोमॅटोच निवडतो. एकदा वेढा घातला की खालचा देठ वाळतो आणि जमिनीशी नातं तुटतं. उपाय: तिने वेढलेल्या फांद्यांसकट कापा आणि वाळवून जाळा. ओढून काढलेले तुकडे शेजाऱ्याच्या वईत फेकू नका, बोटभर तुकडाही पुन्हा धरतो.

जमिनीखाली चोरी करणारेही आहेत. घाटावर ज्वारीत टारफुला असतो, आपल्याकडे वरकस जमिनीत नाचणीतही त्याचे भाऊबंद दिसतात. त्याची गंमत अशी की स्फुरद कमी असलेल्या जमिनीत पिकाची मुळं मदतीला येणाऱ्या बुरशीला हाक म्हणून एक द्रव्य पाझरतात. टारफुल्याचं धुळीएवढं बी वर्षानुवर्षं जमिनीत पडून ती हाक ऐकायची वाट बघतं आणि बुरशीच्या आधी हा हजर. द्रव्य सापडलं १९६६ मध्ये, पण पीक ते मुळात कुणासाठी पाझरतं ते कळलं २००५ साली. जमीन जितकी उपाशी तितकी हाक मोठी, म्हणून शेणखत घातलेल्या वाफ्यात टारफुला कमी.

चंदनाचं तुम्ही विचारलं नाहीत, पण हल्ली कोकणात जो तो लावतोय म्हणून सांगतो. चंदनही मुळांनी चोरीच करतं. एकटं लावलेलं रोप दोन वर्षं नुसतं उभं राहतं आणि मरतं, मग लोक रोपवाटिकेला शिव्या देतात. त्याच्या जवळ तूर लावा, पुढच्या काळासाठी सुरू. आणि पाणी साचणारी जागा त्याला देऊ नका.

राहिली बाल्कनी. तरुणपणी मी सड्यावरून दवबिंदूचं एक रोप कुंडीत आणलं होतं. प्रेमाने शेणखत घातलं, बोअरचं पाणी घातलं. आठव्या दिवशी ते काळं पडलं. ज्याच्या मुळांना मीठ सोसत नाही त्याला मी मिठातच घातलं होतं. तुम्ही ते पावसाच्या पाण्यावर आणि निव्वळ वाळूत जगवलंत तरी दिवाळीनंतर ते मरणारच, एका पावसाचंच आहे ते. आणि डासांचं म्हणाल तर अख्ख्या हंगामात एक रोप जेवढी चिलटं धरतं, तेवढे डास ठाण्यात एका संध्याकाळी तुमच्या खिडकीतून येतात. ऑनलाइन मिळणारा फ्लायट्रॅप अमेरिकेतल्या कॅरोलिनाच्या पाणथळीतला, त्याला हिवाळ्यात थंडीची झोप लागते. ठाण्याच्या बाल्कनीत ती कुठून आणणार?

त्या पैशांत लेकीला दहापटीचं भिंग घेऊन द्या. पुढच्या गणपतीत सकाळीच तिला सड्यावर न्या, दुपार झाली की दवबिंदूची फुलं मिटतात. आणि पावलं कातळावरच ठेवा, ओल्या वाळूत नको, पिशव्या तिथेच असतात.